तांबडी सुर्लचा घाट आणि आजीचे माहेर

गेल्या रविवारी आम्ही तिघे मित्र आमच्या बाल्कांवात बसून एका दिवसाच्या डोंगरसफरीचा बेत आखत होतो. तांबडी सुर्लच्या देवळापाशी गाडी ठेवायची, मागच्या रानातून सह्याद्रीची धार चढायची आणि उजेड आहे तोवर खाली परतायचे. बेत एवढाच. पण एवढ्याशा बेतालाही तीन तास लागले, कारण प्रत्येक प्रश्नापाशी इतिहास आडवा येत होता.

पहिला घोळ नावाचाच. गोव्यात सुर्ल एक नाही. डिचोलीत खाणींच्या पट्ट्यात एक आहे, सत्तरीत चोर्ल्याच्या वाटेवर डोंगरावर दुसरे, आणि आमचे हे तिसरे, धारबांदोडा तालुक्यातले. मागे एकदा आमच्यातला एक जण भल्या पहाटे डिचोलीच्या सुर्लात जाऊन उभा राहिला होता आणि देऊळ कुठे म्हणून लोकांना विचारत होता. म्हणून या वेळी ‘तांबडी’ हा शब्द सर्वांकडून दोनदा वदवून घेतला.

दुसरा प्रश्न दिवस कोणता धरायचा. पावसाळ्यात जळवा आणि भरलेले ओहोळ, मार्चनंतर उन्हाचा तडाखा आणि आटलेले झरे. राहता राहिले दिवाळी ते शिमगा एवढेच दिवस. हा हिशोब करताना ध्यानात आले की आपण नवे काहीच करीत नाही. घाटाने बैलांचे तांडे घेऊन ये-जा करणारे लमाण नेमके हेच दिवस धरून चालत. पाऊस लागला की घाट बंद, तो ओसरला की सुरू.

वाचकांपैकी पुष्कळांनी तांबडी सुर्लचे महादेवाचे देऊळ पाहिले असेल. काळ्या बेसॉल्टचे, आकाराने लहान, पूर्वाभिमुख. खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती, मंडपाच्या छतात कोरलेले कमळ. बारा-तेराव्या शतकातले, कदंबकालीन. जांभ्या दगडाच्या गोव्यात हा काळा पाषाण घाटमाथ्यावरून उतरवला असे मानले जाते. पाहणारा प्रत्येक जण एकच विचारतो, एवढ्या घनदाट रानात, वस्तीपासून दूर, देऊळ कोणी आणि कशासाठी बांधले?

माझ्या मते या प्रश्नातच आपली चूक आहे. आपण पणजीहून, म्हणजे समुद्राच्या बाजूने, तिथे जातो आणि रस्ता संपला की वाटते जग संपले. कदंबांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. गोव्याच्या कदंबांचा अंमल कोकण ९०० आणि पलसिगे १२००० अशा दोन प्रदेशांवर होता. पलसिगे म्हणजे आजची हलशी, बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. राजधानी गोपकपट्टण खाली, जुवारीच्या मुखाशी, आणि राज्याचा दुसरा अर्धा भाग घाटावर. हलशीला भूवराह नरसिंहाचे देऊळ, जवळच देगावेला राणी कमलादेवीने बांधविलेले कमलनारायणाचे देऊळ. ही दोन्ही बाराव्या शतकातली. या दोन अर्ध्यांना जोडत होते ते घाट. तेव्हा सुर्लचे देऊळ राज्याच्या काठावर नव्हते, ते घराच्या उंबरठ्यावर होते. आपण ज्याला भिंत समजतो तो डोंगर त्यांच्या घराच्या मधोमध होता.

पुढे राज्ये बदलली तरी घाट चालत राहिले. आगरातले मीठ वर जायचे, वरचे धान्य खाली यायचे. या व्यवहाराला धक्का बसला तो १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे. गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला, मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. करार १८९२ साली संपला, पण दरम्यान त्याच करारातली रेल्वे १८८८ साली घाट चढून कॅसलरॉकपर्यंत पोचली होती. आगगाडी आल्यावर बैलांच्या पाठीवर ओझी कोण लादणार? पायवाटा रानाने गिळल्या.

माझी आजी हलशीजवळच्या एका गावची. १९३८ साली लग्न होऊन ती याच रेल्वेने कुळ्याला उतरली. तिचा आजा मात्र मिठासाठी पायी घाट उतरायचा, असे ती सांगे. दरवर्षी ती माहेरी जायची, आगगाडीने, पदराला मिठाची पुरचुंडी बांधून. मीठ खानापुरातही मिळे, पण आज्याची रीत तिने मोडली नाही.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी कडक केली, कॅसलरॉकमार्गे जाणारी आगगाडी थांबली. नाकेबंदी कशासाठी होती ते घरात सर्वांना ठाऊक होते, आणि आजोबा तर तिच्या बाजूनेच बोलायचे. पण १९५७ साली आजीचा भाऊ वारला, त्याचा निरोप तिला दोन महिन्यांनी, कोणाकोणाच्या हातून मिळाला. परसात उभी राहून ती डोंगराकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, “त्ये बघ, तकडंच माझं माहेर. दिसतंय, पन जाता येत न्हाई.” १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तिची वाट मोकळी झाली, पण तोवर माहेरी तिला ओळखणारी दोनच माणसे उरली होती.

कदंबांचा उंबरठा सहा वर्षे भिंत झाला होता. राज्यकर्त्यांच्या रेघांची किंमत अशी घराघरातून वसूल होते.

आज पुन्हा तिथे बंदी आहे, पण तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. अलीकडे भगवान महावीर अभयारण्य, पलीकडे खानापूरचे भीमगड अभयारण्य. परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जायचे नाही, धार ओलांडून तर नाहीच. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीच्या रानात चार वाघ मारले गेले. हा डोंगर त्यांचाही आहे, आणि त्यांना तर कुठलीच सरहद्द ठाऊक नाही.

तर असा आमचा बेत ठरला आहे. पहाटे साडेचारला पणजी सोडायची. प्रत्येकी तीन लिटर पाणी, अंगभर कपडे, कारण सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडल्यापासून गोचिडीला हसण्यावारी नेता येत नाही. उंडे आणि सुकी भाजी. दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, मग माथा हातभर राहिलेला असो.

माझ्या पिशवीत आणखी एक वस्तू असेल, मिठाची पुरचुंडी. रानात काहीही टाकून यायचे नाही असा नियम आहे, तेव्हा ती वर नेऊन, पूर्वेकडे तोंड करून थोडा वेळ बसून, तशीच परत आणायची. घाट चढून मीठ गेले, एवढे आजीला पुरे.