नैसर्गिक रबराचे सिलिका-प्रबलन

नैसर्गिक रबराचे सिलिका-प्रबलन म्हणजे रबरात सिलिकेची अतिसूक्ष्म भुकटी मिसळून त्याची मजबुती व झीजरोध वाढवणे होय. काजळीप्रमाणे सिलिका रबर काळे करीत नाही. म्हणून रंगीत पादत्राणांच्या तळव्यांत ती वापरतात.

कार्यपद्धती

सोडियम सिलिकेट व सल्फ्युरिक आम्ल यांपासून मिळणाऱ्या अवक्षेपित सिलिकेचे मूलकण साधारणतः १० ते ३० नॅनोमीटर आकाराचे असतात. सिलिका ध्रुवीय व रबर अध्रुवीय असल्याने या कणांच्या गुठळ्या होतात. गंधकयुक्त सिलेन एका टोकाने सिलिकेशी व दुसऱ्या टोकाने रबराशी बंध जोडून हा दोष कमी करते. मात्र नैसर्गिक रबरातील प्रथिनेही सिलिकेला चिकटतात व सिलेनच्या कार्यात अडथळा आणतात.

खानदेशातील संशोधन

भुसावळजवळील दीपनगर येथे आहे तशा कोळशावरील औष्णिक वीज केंद्रांच्या उडत्या राखेत सिलिका मुबलक असते. जळगाव व धुळे जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांनी उडती राख व नॅनो-कॅल्शियम कार्बोनेट यांची स्टायरीन-ब्युटाडीन या कृत्रिम रबरात तुलना केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सूक्ष्मकणी कॅल्शियम कार्बोनेट अधिक प्रभावी ठरले. प्रबलनात भरणद्रव्याच्या रासायनिक घटकांइतकेच त्याच्या कणांच्या आकाराला महत्त्व असते.