सुंदरगंजची मंडळी



चांद्याच्या माणसाला मिशन म्हटले की स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन आठवते. आज ज्यांच्याविषयी बोलायचे ते मेनोनाइट ख्रिस्ती आपल्या जिल्ह्यातले नव्हेत. ते गडचिरोलीच्या जंगलापलीकडचे, कांकेरच्याही पुढे असलेल्या धमतरीचे. तथापि 1956 पर्यंत धमतरी आणि चांदा एकाच प्रांतात होती. दोघांची राजधानी नागपूर, दोघांना कायदा एक. म्हणून ही परक्याची गोष्ट समजू नये.

मेनोनाइट म्हणजे कोण? 1525 साली झुरिक शहरात काही तरुणांनी असे म्हटले की, तान्ह्या मुलाला पाणी लावून ख्रिस्ती करण्यात अर्थ नाही. माणूस जाणता होऊन स्वतः कबूल करील तोच बाप्तिस्मा खरा. एवढ्या म्हणण्यापायी फेलिक्स मांझ याला 1527 साली लिम्मत नदीत बुडवून मारले. पुढे मेन्नो सायमन्स या फ्रीजलंडच्या धर्मगुरूने ही विखुरलेली माणसे सावरली आणि त्याचेच नाव त्यांना पडले. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, हा त्यांचा नेम. कोणत्या सरकारला असली प्रजा चालेल? हाकलले जात जात त्यांच्यातले पुष्कळ अमेरिकेला पोहोचले.

1897 च्या दुष्काळात त्यांच्यापैकी जॉर्ज लँबर्ट हे मदत घेऊन हिंदुस्थानात आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1899 च्या मार्चमध्ये, जेकब रेसलर आणि डॉक्टर विल्यम पेज व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस मुंबईस उतरले आणि नोव्हेंबरात धमतरीस गेले. ते पोहोचतात न पोहोचतात तोच उत्तरेकडे ज्याला छप्पनिया म्हणतात तो दुष्काळ कोसळला. पेज दांपत्य आजारपणामुळे 1900 सालीच परतले. रेसलर मागे राहिले. गावाला लागून सुंदरगंज ही नवी वस्ती उभी राहिली. तिथे अनाथालय आले, पोरकी मुले आली आणि त्या मुलांतूनच मंडळी जमली.

आता यातली अडचण पाहा. ज्या पंथाने स्वतःच्या कबुलीसाठी प्राण दिले, त्याची इथली पहिली मंडळी उपाशी पोरांची! ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा आपल्याकडे चटकन मारला जातो. आमचे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून आम्हाला तो पटत नाही. संघटनेत माणूस प्रथम येतो तो तत्त्वासाठी नव्हे. थकलेली मजुरी, कापलेला बोनस त्याला आणतो. पावती फाडताना कोणी मार्क्स वाचून आलेला नसतो. मजुरी हातात पडल्यावर तो थांबतो की निघून जातो, तेवढे पाहावे. सुंदरगंजच्या मुलांची लग्ने झाली, संसार झाले, दुष्काळ सरला, आणि तरीही मंडळी टिकली. 1912 साली आसपासच्या मंडळ्यांची मिळून एक परिषद झाली.

आमचा आक्षेप निराळा आहे. 1906 साली मिशनने बालोदगहन हे गाव विकत घेतले आणि ख्रिस्ती कुटुंबे तिथे वसवली. म्हणजे भाकर देणारा तोच, शाळा चालवणारा तोच, उपदेशकही तोच, आणि आता मालगुजारही तोच! मालकासमोर कुळाने दिलेल्या होकाराचे वजन किती धरायचे? हेतू चांगला असेल, नव्हे होताच. 1910 पासून धमतरीला त्यांचे वैद्यकीय काम आहे आणि त्याचा लाभ सर्व जातिधर्मांच्या लोकांनी घेतला. परंतु चांगला मालक हा शेवटी मालकच. गिरणीत काय, खाणीत काय, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

पुढे 1950 चा कायदा आला. त्याने आपल्याकडचे जमीनदार आणि छत्तीसगढातले मालगुजार 1951 साली एकदमच गेले. त्यानंतर वर्षभराने, 1952 साली, अमेरिकन मेनोनाइट मिशन मंडळीत विलीन झाले आणि कारभार इथल्या लोकांच्या हाती आला. स्थापनेचे वर्ष म्हणून 1899 सांगतात. झुरिकच्या त्या तरुणांना विचारले असते, तर त्यांनी बहुधा 1952 सांगितले असते.