पावसाची धास्ती आणि २६ जुलै

कल्याण-डोंबिवलीत नव्याने राहायला आलेले काही जण जून लागला की विचारतात, "डॉक्टर, आभाळ भरून आलं की छातीत धडधडतं, झोप उडते. हे काय?" या धास्तीमागे इतिहास आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! इकडे उल्हास नदी फुगली, कल्याण-बदलापूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. लोकल बंद, फोन लागेनात. माणसं रुळांवरून चालत निघाली आणि घरच्यांना रात्रभर काहीच कळेना. मला वाटतं, पाण्यापेक्षा ती न कळण्याची रात्रच मनात रुतून बसली. दोन दिवसांनी तर धरण फुटल्याच्या, त्सुनामी आल्याच्या अफवेने मुंबईच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, तरीही. पुढे लेप्टोस्पायरोसिसची साथ आली.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले.

म्हणून घर घेतानाच शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, २००५ ला पाणी कुठवर आलं होतं? हवामान खात्याचा इशारा सकाळ-संध्याकाळ पाहा, दर दहा मिनिटांनी नको. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. आणि उघडीप असतानाही झोप लागत नसेल, तर त्यासाठीही या.