गावाला एसटीची फेरी हवी? आधी कोण, कुठे, किती वाजता जातं ते लिहून काढा

‘आमच्या गावाला गाडी सुरू करा’ एवढ्या एका ओळीच्या अर्जावरून आगाराला वेळापत्रक बसवता येत नाही. गाडी कोणासाठी आणि किती वाजता हवी, हे गावानेच सांगावं लागतं.

कोणाला कोणती वेळ लागते?

विद्यार्थी : शाळा-कॉलेज भरण्याआधी पोचणारी आणि सुटल्यावर लगेच निघणारी गाडी. परतीची फेरी नसेल तर घरचे आधी मुलींनाच घरी बसवतात.

रुग्ण, म्हातारी माणसं : सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी असते. दुपारी पोचणारी गाडी त्यांच्या कामाची नाही.

शेतकरी, भाजीवाले : आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटेची फेरी.

कार्यालयात काम असणारे : तहसील शनिवार-रविवार बंद. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार दहाच्या सुमारास पोचणारी गाडी.

सगळ्यांसाठी वेगवेगळ्या गाड्या मिळणं अवघड. पण सकाळची एकच फेरी नीट बसवली तर विद्यार्थी, रुग्ण आणि कार्यालयात जाणारे तिघांचंही काम होतं. मुक्कामी गाडी असेल तर पहाटेचा प्रश्नच मिटतो.

अर्ज कसा करावा?

१. वाडी-वस्तीप्रमाणे प्रवाशांची यादी करा : किती जण, कुठे, किती वाजता.
२. ग्रामसभेत ठराव घ्या. शाळेचं पत्र आणि विद्यार्थ्यांची संख्या जोडा.
३. रस्ता, पूल आणि गाडी वळवायला जागा आहे का, ते लिहा.
४. अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घ्यायला विसरू नका.

सुरू झालेली फेरी टिकवायची कशी?

फेरी चालू ठेवताना भारमान, म्हणजे किती जागा भरल्या, ते बघितलं जातं. म्हणून सवलतीचं असलं तरी तिकीट घ्याच. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत, तरी वाहकाकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यावं. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं, त्यामुळे सवलतीचा प्रवासी म्हणजे तोट्याचा प्रवासी नव्हे.

गाडी सोडून सगळे वडापने गेले, तर कागदावर गाडी रिकामी दिसते. मग फेरी बंद झाली की वडाप परवडत नाही त्यांचीच अडचण होते.