उंटस्वार सैनिकांची जलरंगचित्रे

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, विशेषतः एकोणिसाव्या शतकात, कागदावर जलरंगांत रंगविलेली उंटदळाची चित्रे. ती काढणारे दोन प्रकारचे होते : कंपनी शैलीत काम करणारे देशी कलावंत आणि हौशी लष्करी अधिकारी. कंपनीच्या अ‍ॅडिसकोंब येथील लष्करी विद्यालयात (१८०९–६१) चित्रकला हा शिक्षणाचाच भाग असे. साहित्य सुटसुटीत व रंग लवकर वाळणारे, म्हणून जलरंग मोहिमेवर सोयीचे ठरत.

मराठी वाचकास सांडणीस्वार परिचित आहे तो जलद निरोप पोहोचविणारा म्हणून. उंटाच्या खोगिरावर फिरती लहान तोफ बसविली, की तिला सुतरनाळ किंवा जंबुरा म्हणत. पानिपतावर (१७६१) अब्दालीच्या अशा तोफांचा मराठ्यांना जबर फटका बसला. चार्ल्स नेपिअरने जानेवारी १८४३ मध्ये सिंधच्या वाळवंटातील इमामगढवर ३५० गोरे शिपाई, एका उंटावर दोघे याप्रमाणे, नेले आणि त्याच वर्षी कराचीस सिंध उंटदळ उभारले. अशा दळात उंट हे मुख्यतः वाहन; प्रत्यक्ष लढाई बहुधा पायउतार होऊन होई. चित्रांत मात्र शिपाई उंटावरच रुबाबात बसलेला दिसतो.

जांभ्या दगडाचा, अतिवृष्टीचा रत्नागिरी जिल्हा उंटास मानवणारा नव्हे. तरीही या चित्रविषयाशी त्याचा संबंध पोहोचतो. २२ मे १८५८ रोजी काल्पीजवळ गुलौली येथे रावसाहेब पेशवे व राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजेने ह्यू रोझच्या तोफांपर्यंत मुसंडी मारली. कडक उन्हाने गलितगात्र झालेली इंग्रजांची फळी मोडण्याच्या बेतात असता मेजर रॉसचे उंटदळ धावून आले. शिपाई उतरून संगिनी रोखून तुटून पडले व लढाईचे पारडे फिरले. राणीच्या सासरच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव कोट हे रत्नागिरी जिल्ह्यातील. रोझच्या सैन्यात मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या आणि त्या लष्कराची मोठी भरती याच जिल्ह्यातून होत असे. रणांगणाच्या दोन्ही बाजूंस कोकणचे धागे होते, हे इंग्रजी वृत्तांतांत सहसा जाणवत नाही.

गणवेश, खोगीर व शस्त्रे यांच्या तपशिलांसाठी ही चित्रे विश्वसनीय मानावीत. पार्श्वभूमी बरीचशी सांकेतिक असते. चित्राखाली अधिकाऱ्याचे नाव आढळते, शिपायाचे क्वचितच. विल्यम फ्रेझरने दिल्लीस १८१५–२० च्या सुमारास करवून घेतलेल्या चित्रसंग्रहात अनेक सैनिकांची नावे नोंदलेली आहेत. तो अपवाद होय.