दह्यातील जंतू आणि पोटाचे विकार : एका विचाराची वाटचाल

पोट बिघडले की ताक प्यावे, हा सल्ला मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, आणि मराठी माणूस समुद्रापलीकडे जेथे जेथे गेला तेथे तेथे तो त्याच्या सोबतीने गेला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्श आणि ग्रहणी या विकारांचा विचार करताना ताकाचा मोठाच गौरव केलेला आहे. एवढ्यावरून, आजचे शास्त्र जे सांगते ते सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु ते खरे नव्हे. अनुभव त्यांचा होता आणि तो दीर्घ होता. त्याची कारणमीमांसा मात्र दुधात वस्ती करणाऱ्या जंतूंची ओळख पटेपर्यंत कोणासही करता येणे शक्य नव्हते. ती ओळख 1857 साली पटू लागली. त्या वर्षी लुई पाश्चर यांनी दूध आंबते ते एका सजीव सूक्ष्म जंतूमुळे, असे फ्रान्समधील लील या नगरात प्रतिपादन केले.

पुढची कथा मुख्यत्वे एका रशियन पुरुषाची आहे. इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म 1845 साली खारकॉफ प्रांतात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा स्वभाव तापट होता, आणि जीवनाविषयीची निराशा इतकी खोल होती की त्यांनी दोनदा स्वतःचा प्राण घेण्याचा प्रयत्न केला. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला 1873 साली क्षयाने गेली. अशा या मनुष्याने उत्तरायुष्यात दीर्घायुष्याचे आणि आशावादाचे शास्त्र रचावे, ही नियतीची विलक्षण लीलाच म्हणावयाची. 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून त्यांनी पाहिले, तो शरीरातील फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा सिद्धान्त त्यातून निघाला, आणि 1908 साली पॉल एर्लिक यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी, दह्यासाठी नव्हे.

1888 साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. त्यांच्या मागोमाग त्यांचा ओडेसाचा एक विद्यार्थी तेथे आला आणि आरंभी ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. मराठी वाचकास हे नाव परके नाही. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले तेव्हा हाफकिन तेथे गेले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. जानेवारी 1897 मध्ये ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. परळच्या संस्थेला 1925 पासून त्यांचेच नाव आहे.

गुरु-शिष्यांचा पटकीशी आलेला संबंध येथे महत्त्वाचा आहे. 1892 साली शिष्य पटकीवरील लस तयार करीत होता, आणि त्याच सुमारास गुरुजींनी पटकीच्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले! त्यांना काहीच झाले नाही. ज्या सहकाऱ्यांनी त्यांचे अनुकरण केले त्यांपैकी एकजण मात्र मरता मरता वाचला. तेच जंतू, तोच प्याला. मग एकास रोग व्हावा आणि दुसऱ्यास होऊ नये, हे कसे? मेचनिकॉफ यांनी पटकीचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले, तेव्हा काहींच्या संगतीत ते फोफावले आणि काहींच्या संगतीत खुंटले. आतड्यात आधीपासून वस्तीस असलेले जंतू आगंतुक रोगजंतूला साहाय्य करतात किंवा त्याची वाट अडवितात, या विचाराचे बीज येथे पडले. पुढील शंभर वर्षांतील सारे प्रयत्न या एका बीजाचा विस्तार होत.

बीज खरे होते. त्यावर मेचनिकॉफ यांनी जो डोलारा उभारला तो मात्र तितका भक्कम नव्हता. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे निर्माण होतात आणि तीच वार्धक्य आणतात, असे त्यांचे मत बनले. आम्लामुळे कुजणे थांबते, म्हणून आंबविलेले दूध प्यावे. बल्गेरियातील शेतकरी असे दूध पितात आणि दीर्घकाळ जगतात, असा दाखला ते देत. स्तामेन ग्रिगोरॉफ नावाच्या तरुण बल्गेरियन वैद्याने जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत 1905 साली आपल्या देशातील दह्यामधून एक काठीसारखा जीवाणू शोधून काढला, तेव्हा या मताला जणू मूर्त आधारच सापडला. 1904 साली मेचनिकॉफ यांचे वार्धक्यावरील व्याख्यान झाल्यापासूनच पॅरिसमध्ये आंबट दुधाचा बाजार तेजीत आला होता. पुढे औषधाच्या दुकानांतून जंतूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. 1919 साली सालोनिकाहून बार्सिलोनास आलेल्या इसाक कारासो यांनी औषधालयांतून दही विकण्याचा जो उद्योग आरंभिला, त्यास त्यांनी आपल्या मुलाच्या नावावरून नाव दिले; तीच आजची जगप्रसिद्ध ‘दानोन’ पेढी. लंडनमध्ये तर आर्बथनॉट लेन नावाचे शल्यवैद्य बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत! एखादे मत लोकप्रिय झाले म्हणजे त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, याचा नेम नसतो.

मेचनिकॉफ स्वतः नित्य आंबट दूध पीत आणि कच्चे अन्न टाळीत. 1916 साली एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला.

त्यानंतर अमेरिकेतील येल विद्यापीठात लिओ रेट्‌गर आणि हॅरी चेप्लिन यांनी 1921 साली दाखवून दिले की, बल्गेरियन जीवाणू मनुष्याच्या आतड्यात मूळच धरीत नाही. तो पाहुणा आहे, रहिवासी नव्हे. याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. दुधातील साखर किंवा डेक्स्ट्रिन पुरेशा प्रमाणात खाऊ घातले असता आतड्यातील आम्ल करणारे जीवाणू आपोआप वाढतात. म्हणजे बाहेरून जंतू न आणता, घरच्याच जंतूंना चारा घालावयाचा. याचे सर्वांत सुंदर उदाहरण निसर्गानेच घालून ठेविले आहे. 1899 च्या सुमारास पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बालकांच्या विष्ठेत दुभंगलेल्या फांदीसारखे जीवाणू विपुल दिसले होते. 1954 मध्ये पॉल ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातेच्या दुधात या जीवाणूंना वाढविणारी द्रव्ये असल्याचे प्रसिद्ध केले. त्या द्रव्यांतील बऱ्याचशा शर्करा बालकाला पचतच नाहीत. आई जे दूध पाजते त्यातील काही भाग बालकासाठी नसून बालकाच्या पोटातील त्याच्या सोबत्यांसाठी असतो! अशा अन्नाला 1995 साली गिब्सन आणि रोबेरफ्रोआ यांनी ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. कांदा, लसूण, गहू, केळे यांत अशी द्रव्ये कमीअधिक असतात. याच जातीची लॅक्ट्युलोज नावाची कृत्रिम शर्करा बद्धकोष्ठावर दिली जाते, आणि 1966 पासून यकृताच्या विकारामुळे येणाऱ्या मानसिक भ्रमावरही ती वापरात आहे.

जिवंत जंतूंचा शोधही थांबला नव्हता. फ्रायबुर्गचे आल्फ्रेड निस्ले यांना 1917 साली एका सैनिकाच्या आतड्यात असा जीवाणू सापडला की, सभोवतालचे सैनिक आमांशाने आजारी पडत असता तो मात्र निरोगी राहिला होता. जपानमधील क्योटो येथे मिनोरू शिरोता यांनी 1930 साली जठरातील आम्लातून तगून जाणारा जीवाणू निवडला, आणि 1935 पासून तो ‘याकुल्ट’ या नावाने लोकांच्या हाती आला. ‘प्रोबायोटिक’ या शब्दाची आज मान्य असलेली व्याख्या 2001 साली अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी केली: पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. या व्याख्येतील ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द विक्रेते फार लवकर विसरतात.

लाभ आहे की नाही हे जंतूच्या जातीवर, तिच्यातील नेमक्या वाणावर आणि रोगावर अवलंबून असते. प्रतिजैविकांच्या सेवनाने होणाऱ्या अतिसारावर काही वाणांचा उपयोग दिसून आला आहे. कोलकात्याच्या वस्तीतील सुमारे पावणेचार हजार बालकांवरील प्रयोगात शिरोतांच्या जीवाणूने अतिसाराचे प्रमाण चौदा टक्क्यांनी घटले, असे 2011 साली प्रसिद्ध झाले. उलट, 2018 साली अमेरिका आणि कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांत अतिसाराने आधीच आजारी असलेल्या मुलांना प्रोबायोटिक देऊन काहीच फायदा झाला नाही. मीठसाखरेच्या पाण्याची जागा यांपैकी कोणतेच औषध घेऊ शकत नाही, हेही येथेच सांगून ठेविले पाहिजे.

आणि एक प्रसंग तर वैद्यकाच्या इतिहासात कायमचा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नेदरलंड्‌समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने आजारी असलेल्या रुग्णांना जंतुसंसर्गापासून वाचवावे म्हणून प्रोबायोटिक देण्यात आले. 2008 साली निष्कर्ष हाती आले तेव्हा औषध घेतलेल्या 152 रुग्णांपैकी 24 दगावले होते; केवळ दिखाऊ औषध घेतलेल्या 144 पैकी 9. ज्या जंतूंना सर्वजण निरुपद्रवी समजत होते त्यांनी दुबळ्या शरीरात घात केला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांची स्थिती अशीच नाजूक. त्यांचे आतडे सडण्याचा भयंकर विकार प्रोबायोटिकने कमी होतो असे अनेक चाचण्या सांगतात. तरीही त्याच जंतूंनी रक्तात शिरून बालक दगावल्याची घटना घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 साली रुग्णालयांना इशारा दिला.

ओरिसाच्या खेड्यांतून झालेला प्रयोग या सर्वांहून निराळा ठरला. तेथे 4,556 नवजात बालकांवर चाचणी घेण्यात आली. ही बालके पुरेशा वजनाची होती आणि आईचे दूध घेत होती. निम्म्या बालकांना सात दिवस एक जीवाणू आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा एकत्र देण्यात आली. दोन महिन्यांच्या अवधीत रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. 2017 साली हे प्रसिद्ध झाले. जंतू आणि त्याचा चारा, हे रेट्‌गर यांचे दोन धागे येथे एकत्र विणले गेलेले दिसतात.

राहता राहिले आपल्या घरचे विरजण. त्यात कोणते जीवाणू किती आहेत हे घरागणिक, ऋतूगणिक बदलते. म्हणून त्यास औषधाची मात्रा म्हणता येत नाही. तथापि मेचनिकॉफ यांच्या त्या बल्गेरियन जीवाणूला, जो आतड्यात टिकत नाही म्हणून बाजूस सारला गेला, एक मान पुढे मिळालाच. ज्यांना दूध पचत नाही त्यांना जिवंत दही पचते, कारण दह्यातील जीवाणू दुधाची साखर फोडण्यास साहाय्य करतात. 2010 साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आलेल्या असंख्य दाव्यांतून मान्य केलेल्या मोजक्या दाव्यांत हा एक होता.