कुकडीचे रांजण

निमोण्यासारख्या गांवीं ज्याचें बालपण गेलें त्याला पाण्याचें मोल निराळें शिकवावें लागत नाहीं. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचा उरलासुरला शिडकावा तेवढा शिरूर तालुक्याच्या वांट्यास येतो. ओढे दिवाळीनंतर कोरडे पडत आणि होळीच्या आंत विहिरींचा तळ दिसूं लागे. अशा मुलखांत बारमाही झरा म्हणून आमच्या वडीलमंडळींना ठाऊक असलेलें ठिकाण एकच होतें, व तेंहि गांवापासून दूर. तालुक्याच्या उत्तर कडेस, टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यांतील निघोज यांच्यामध्यें कुकडी नदीचें जें कुंड आहे, तेथें चैत्र वद्य अष्टमीच्या सुमारास मळगंगेच्या यात्रेस आमच्या भावकीच्या बैलगाड्या जात. आत्या, चुलत्या, लेकीसुना सर्व एकत्र यावयाच्या त्या तेथेंच. सभोंवतीं पात्र तापलेलें, आणि खडकाच्या पोटांत मात्र काळेंशार गार पाणी. देवीचा झरा आहे, तो आटत नाहीं, असें आजी सांगे. शंका घेणाऱ्याच्या हातावर भाकरी जरा उशिरानें पडे.

सुमारें साठ वर्षांनंतर आम्ही तें स्थळ पुन्हां पाहिलें. झरा हा शब्द तेथें नीटसा लागू पडत नाहीं. आपल्या काळ्या पाषाणाच्या थरांतील भेगांतून व सच्छिद्र पट्ट्यांतून मुरलेलें पाणी खालच्या घट्ट थरावर अडून बाहेर पडलें म्हणजे झरा होतो. तसा थोडाफार पाझर कुंडासहि मिळत असेल. पण कुंडाचें खरें वैभव पुरानें घडविलेलें आहे. खडकाच्या लहानशा खांचेंत गोटे अडकतात, भोंवऱ्यांत सांपडून गरगर फिरतात, आणि हजारों पावसाळे दगडानें दगड झिजून रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे तयार होतात. लोकांनीं त्यांस रांजणखळगे हें नांव दिलें तें अगदीं यथार्थ होय. घरांतला रांजण पाणी निर्माण करीत नाहीं, राखून ठेवतो. कुंडहि तेंच करतें. आजीच्या झऱ्यापेक्षां आम्हांस हीच गोष्ट अधिक थोर वाटते.

कुकडीच्या वरच्या अंगास हीच युक्ति माणसानें केलेली दिसते. नाणेघाटाच्या परिसरांत, पूर गांवीं कुकडेश्वराचें जुनें शिवालय आहे. तिकडे उगम पावून नदी जुन्नरावरून वाहते. जुन्नरभोंवतींच्या डोंगरांत भिक्षूंसाठीं ज्यांनीं लेणीं कोरलीं त्यांनीं शेजारीं कातळांत पाण्याचीं टांकींहि कोरलीं. तत्कालीन प्राकृतांत अशा टांक्यास ‘पोढी’ म्हणत. शिवनेरीच्या एका ब्राह्मी लेखांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दान केल्याची नोंद आहे. परक्या वंशाचा हा मनुष्य. परंतु या देशांत पुण्य जोडावयाचें तर दगडांत पाणी सांठवावें, एवढें त्याला नेमकें उमगलें होतें!

विसाव्या शतकांत तिसरा कारागीर आला. माणिकडोह व येडगांव येथें धरणें होऊन कुकडी अडली. धरणांची निंदा करणें आम्हांस शोभणार नाहीं. १९७२ सालच्या दुष्काळांत रस्त्यावर खडी फोडणारीं माणसें ज्यांनीं पाहिलीं त्यांनीं तरी ती करूं नये. परंतु पुराचा जोर वरच अडला म्हणजे रांजणांतले गोटे फिरावयाचे कोठून? उन्हाळ्यांत नदीला पाणी येतें तें आतां आवर्तन सुटल्यावर, आणि त्या आवर्तनांवरून पुणें, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांची ओढाताण वारंवार चालते. मळगंगेचीं मंदिरें दोन्ही तीरांवर आहेत, मध्यें झुलता पूल झाला आहे. यात्रेकरू पुलावरून खालीं डोकावतात आणि मोटारींत बसून परततात. आम्हांला तेथें रात्र काढावी लागे.

कुंडाच्या खालीं कुकडी घोड नदीस मिळते, आणि घोड शिरूरावरून चिंचणीच्या धरणांत येते. चिंचणी निमोण्याच्या अगदीं जवळ. ज्या पाण्याच्या दर्शनासाठीं बैलगाड्या रात्रभर चालत, तें गांवाच्या शेजारीं येऊन थांबतें. त्यासाठीं कोणी गाडी जुंपीत नाहीं, आणि आत्या-चुलत्यांची गांठहि पडत नाहीं.